गुजरी, चप्पल लाईन आणि दूधकट्टा: दोघांचं कोल्हापूर

सासूबाईंची ठुशी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात घडवलेली, त्यांच्या लग्नातली. दोरा कुजून मणी सुटायला लागले तेव्हा आमच्या इकडच्या एका सराफाने ती मोडून नवी करा असं सुचवलं. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. "मोडायची काय गरज? गुजरीत दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडे न्या आणि समोर बसून ओवून घ्या," म्हणाल्या. ह्यांना कधीपासून कापशी, म्हणजे वेणी-गोंड्यांची कोल्हापुरी चप्पल हवी होती, मला आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ हवा होता. मुलांना आजीजवळ ठेवलं आणि जानेवारीतला शेवटचा शनिवार-रविवार गाठून आम्ही दोघंच निघालो. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री ठाण्याला पकडली की सकाळी माणूस कोल्हापुरात असतो आणि रविवारी रात्री तीच गाडी परत आणते. म्हणजे दोन पूर्ण दिवस हातात आणि हॉटेलची एकच रात्र.

शनिवार, सकाळ

स्टेशनबाहेर चांगलीच थंडी होती. रिक्षा उड्डाणपुलाखालून वळली तर समोर उसाने लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, एकामागे दोन जोडलेल्या. खोलीवर सामान टाकलं, आंघोळी उरकल्या आणि थेट शिवाजी उद्यमनगरात फडतरे मिसळीला गेलो. उद्यमनगर म्हणजे लेथ मशीन, फाउंड्री आणि स्पेअर पार्टचा भाग. अशा ठिकाणी सकाळी सकाळी खाण्यासाठी एवढी गर्दी बघून बरं वाटतं, कारण त्यात निम्मे तरी शेजारच्या कारखान्यांत कामाला जाणारे होते.

आमच्या बाकावर असेच एक काका बसले होते, शर्टाच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर. "कुठनं आलासा?" ठाण्याहून म्हटल्यावर त्यांनी आमच्या ताटल्यांकडे नीट लक्ष दिलं. खाली मटकीची उसळ, वर बटाट्याची भाजी, चिवडा-शेव, कांदा, कोथिंबीर आणि तांबड्याजर्द तर्रीचा कट. सोबत लादीपाव नाही, स्लाईस ब्रेड. "आधी लिंबू पिळू नका. दोन घास असंच खावा, मग कट मागा, मग लिंबू." त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने खाल्लं. पहिल्या घासाला मसाल्याचा खमंगपणा कळतो, तिखट मागाहून येतं. लिंबाने चव उजळते खरी, पण ते आधीच पिळलं असतं तर कांदा-लसूण मसाल्याची ती भाजलेली चव कळली नसती. काका आमच्या आधी उठले आणि जाताना वाढणाऱ्याला सांगून गेले, "पावण्यांना कट घाल रं." त्याने येऊन न विचारता घातला.

मिसळीला लवकर जावं. शनिवार-रविवारी नऊनंतर बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते आणि दुपारच्या सुमाराला भांडी रिकामी होतात.

अंबाबाईचं दर्शन गर्दी असूनही शांतपणे झालं. काळ्या दगडाचं देऊळ हिवाळ्यात आत शिरताच अंगाला गार लागतं. किरणोत्सव तोंडावर आला होता. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९ ते ११ नोव्हेंबर, वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हवा स्वच्छ हवी आणि वाटेत आडवं काही नको. महाद्वार रोडवरचा एक फुलवाला बाहेर पश्चिमेकडे हात करून आम्हाला समजावत होता की सूर्य कुठल्या दोन इमारतींच्या फटीतून येतो. त्या दिवसांत आपल्या दुकानाची ताडपत्री उतरवून ठेवतो, हे सांगताना त्याला केवढा अभिमान!

गुजरी

महाद्वार रोडवरून दोन मिनिटांवर गुजरी. दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या, आणि पेढ्यांच्या कडेला, जिन्याखाली, ओट्यावर पटवेकरी. सोन्याचे मणी रेशमात ओवणारे हे कारागीर. दुकानातून घेतलेली ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ शेवटी यांच्याच हाताखालून जाते.

आम्हाला सापडले ते साठीच्या पुढचे असतील. जागा म्हणजे एक पोतं, लाकडी पेटी आणि भिंतीत ठोकलेला खिळा. त्यांनी ठुशी हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "सासूबाईंची?" मी हो म्हटलं. "दोरा माझ्या वडलांच्या हातचा दिसतोय. गाठ बघा, अशी आता कोण मारत नाही." खरंच तसं असेल की नाही, कोण जाणे. पण ती गाठ त्यांनी कापली नाही. सुईच्या टोकाने सोडवली.

मग सगळे मणी पितळी वाटीत सोडले आणि समोरच्या पेढीतल्या काट्यावर ठेवून म्हणाले, "वैनी, वजन तुमच्या हातानं लिवून घ्या." मी लिहून घेतलं. रेशमाचा दोरा मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढला, एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं, दुसरं दातात धरलं आणि काम सुरू झालं. अंगठा पुढेमागे हलवून ते दोऱ्याचा ताण कमी-जास्त करत होते. ठुशीत मणी एकाला एक खेटून, ठासून बसवायचे असतात. ताण कुठे सैल पडला तर तिथे फट दिसते आणि घातल्यावर ती ठुशी गळ्यावर वळते. मधेच थांबून त्यांनी एक मणी उन्हाकडे धरला. त्याच्या भोकाची कड धारदार झाली होती, तिथेच दोरा पुन्हा कापला गेला असता. छोट्या कानशीने ती कड घासली आणि मगच मणी ओवला.

आम्ही तिथे तासभर तरी बसलो. चहा आला, तो त्यांनीच सांगितला होता. ह्यांनी विचारलं, मुलं हे काम करतात का? "थोरला बँकेत हाय. धाकटा येतो बसायला, सणाच्या दिवसांत." शेजारच्या पेढीवरच्या मुलीने तेवढ्यात मला कोल्हापुरी साज दाखवला. साजाच्या एकवीस पानांत दशावतार असतात, अष्टमंगल असतं, माणिक आणि पाचूही असतो. हे ऐकून माहीत होतं, पण मासा, कासव, वराह बोटाने दाखवत कोणी मोजून दिलं नव्हतं. साज घ्यायची आमची ऐपत या खेपेला नव्हती. तरी तिने सगळी पानं दाखवली.

शेवटी मागे लाल रेशमी गोंडा लावला, सरकता, म्हणजे कोणाच्याही गळ्याला बसेल असा. पुन्हा काट्यावर वजन. सोनं तेवढंच, वाढलं ते रेशमाचं. मजुरी ऐकून ह्यांनी दोनदा विचारलं, इतकी कमी होती. आम्ही त्याहून जास्त दिले, तर त्यांनी उरलेल्यात ह्यांच्या गळ्यातल्या रुद्राक्षाचा सुटत आलेला दोरा बदलून दिला.

तुमच्याकडे असा जुना दागिना असेल तर मोडण्याआधी एकदा पटवेकऱ्याला दाखवा. जाताना आधीचं वजन माहीत असू द्या, ओवताना समोर बसा आणि सकाळी जा, कारण हे बारीक काम सूर्यप्रकाशातच नीट होतं.

शनिवार, दुपार

जेवण लक्ष्मीपुरीतल्या एका खानावळीत झालं. मटण थाळी: सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात, कांदा-लिंबू. पांढरा रस्सा आधी वाटीने पितात, आम्हीही प्यालो. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू आणि खडा मसाला. तिखटाचा रंग कुठेच नाही, पण मिरीचा चटका घशात राहतो. माझ्या मते कोल्हापूरची खरी करामत या पांढऱ्यात आहे. तांबडा रस्सा कोणीही झणझणीत करू शकेल, दूध न फाटू देता पांढरा साधणं कठीण. वाढणाऱ्या मावशींना तसं म्हटलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "फाटतंच की, ढवळायचं थांबलं तर. मी आज सकाळपासनं हालवत बसलो होतो." आणि न मागता तिसरी वाटी ठेवून गेल्या.

दुपारी टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन आलो, मुख्यतः सावलीत बसायला. पण तिथली एक वस्तू मनात राहिली. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. रोमन व्यापाराची खूण असलेला समुद्रदेव पंचगंगेच्या काठी निघाला! हे कितीतरी वेळ तिच्यासमोर उभे होते.

चप्पल लाईन ते सुभाषनगर

ऊन उतरल्यावर चप्पल लाईनला आलो. दुकानाशेजारी दुकान, आणि दारात तोरणासारख्या टांगलेल्या चपला. इथे पहिल्याच दुकानात घाई करू नये. यंत्रावरची, रेग्झिनची, रबरी तळाची चप्पलही त्याच रांगेत असते. आम्हाला ज्यांनी नीट समजावलं त्या दुकानदाराने एक चप्पल घेतली, वाकवली आणि ह्यांच्या नाकाजवळ धरली. "वास घ्या. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं असं वासाला येतं." मग कडेची शिवण दाखवली. दोऱ्याची नव्हती. चामड्याच्या बारीक वादीची होती आणि अख्ख्या चपलेत एकही खिळा नाही.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब अशाच चपला दाखवल्या, गदारोळ झाला, कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं इथे येऊन कारागिरांना भेटून गेली. दुकानदाराला याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "आले, बघितलं, चांगलं झालं. पण करणाऱ्याच्या घरात किती आलं, ते विचारा."

ते विचारायला तर आम्हाला जायचंच होतं. ह्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद आहे, तयार जोडातला एक पाय नेहमी करकचतो. हे ऐकून दुकानदाराने आपल्याच कारागिराचा पत्ता दिला, सुभाषनगरातला. स्वतःच्या दुकानातलं गिऱ्हाईक कारागिराच्या घरी पाठवणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता.

सुभाषनगरात घराघरांत हेच काम चालतं. आमचे कारागीर दारातच बसले होते, समोर दगडी ठोकळा, हातात चामडं कापायची रापी. त्यांनी नंबर विचारला नाही. ह्यांना कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पायांभोवती रेघ काढली. "उभं राहूनच माप. बसलेला पाय नि चालणारा पाय येगळा." तळाचं म्हशीचं कातडं ओलं करून ठोकत होते, आणि आत वहिनी चपलेच्या पट्ट्यावरची वेणी घालत होत्या. चामड्याच्या केसाएवढ्या बारीक पट्ट्या, तीन बोटांच्या पेरांत धरलेल्या. बोलता बोलता, नजर आमच्याकडे, आणि वेणी सरळ चाललेली. मी त्यांना जवळून बघू का विचारलं तर त्यांनी शेजारी पाट सरकवला. एका कापशी जोडाची वेणी आणि गोंडे म्हणजे दिवसाचा बराच भाग जातो, डोळे दुखतात, आणि दुकानात लोक वेणीला पैसे द्यायला कुरकुरतात, असं त्यांनी सांगितलं. मला ते लागलं. भाव करताना आपण कुठल्या कामाचे पैसे कापतो हे त्या पाटावर बसल्यावर कळतं. आम्ही भाव केला नाही.

तळ तयार होता, रुंद पायासाठी पट्टा नव्याने बसवून रविवारी दुपारी देतो म्हणाले.

शनिवार, रात्र

गंगावेशीतला दूधकट्टा संध्याकाळनंतर भरतो. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, गवळी तिथेच धार काढतो आणि फेसासकट पेला तुमच्या हातात. कोमट, दाट आणि नुसतंच गोड. माझ्या शेजारी तालमीतली दोन पोरं उभी होती, कान मोडलेली, मातीचे हातपाय घेऊन. त्यांनी एका दमात पेले रिकामे केले आणि पुन्हा पुढे केले. गंगावेस तालीम जवळच आहे. पैलवानकीचं हे गाव इथे अगदी हाताशी दिसतं. कच्चं दूध सोसत नसेल त्यांनी अर्धा पेला मागावा, देतात.

तिथून खासबाग. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहून आल्यावर उभारलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ सालचं. मैदान बंद होतं, बाहेरची खाऊगल्ली चालू होती. राजाभाऊंची भेळ खाल्ली. आंबट-गोडाचा मारा नाही, चुरमुरे शेवटपर्यंत कुरकुरीत. मग रंकाळ्यावर चालत गेलो. पाण्यावरून वारा एवढा गार येत होता की अर्ध्या वाटेतच परत फिरलो.

रविवार

पहाटे पंचगंगेचा पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला एका गुऱ्हाळावर गेलो. रिक्षावालाच घेऊन गेला, त्याच्या मेहुण्याचं होतं. हंगाम साधारण दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, तेव्हा हिवाळ्यात गेलात तर हे चुकवू नका. चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, उसाची चिपाडं ढकलतात, वरच्या काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस उकळतो, रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहायची. अडीच-तीन तासांचं काम. गूळ करणाऱ्या गुळव्याने उकळता रस पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून पाहिली आणि हात वर केला. सगळी माणसं एकदम धावली, काहील उचलून वाफ्यात ओतली. त्या एका मिनिटात कोणी कोणाशी बोलत नाही, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. आम्हाला केळीच्या पानावर गरम गूळ दिला, शेंगदाण्यांबरोबर.

गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका, रसायन न घातलेला गूळ काळपट तपकिरीच असतो. आम्ही पाच किलो गूळ आणि एक बाटली काकवी घेतली. बाटली प्रवासात उभीच ठेवा.

परतताना लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार. घनसाळ घ्यायचा तर चार दाणे तळहातावर चोळून वास बघायचा, नुसतं पोत्यावरचं नाव वाचून घ्यायचा नाही, हे विकणाऱ्या आजींनीच शिकवलं. दाणा बारका, बुटका, आणि शिजायच्या आधीच सुवासिक. मिरची मात्र घेतली नाही. ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही होत्या, पण आजी म्हणाल्या, नवी मिरची नीट वाळायला अजून महिना लागेल, आत्ता नेलीस तर मसाल्याला जाळी धरेल. समोर आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणाऱ्या बाईकडून मी तांदूळ मात्र ठरवल्यापेक्षा दुप्पट घेतला.

दुपारी सुभाषनगरात चप्पल तयार होती. ह्यांनी घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या, चांगली कर्रकर्र वाजली. कारागिरांनी वाकून अंगठ्याची जागा दाबून पाहिली, पुन्हा काढायला लावली, चपलेचा कान, म्हणजे कडेची पट्टी, एक रेघ आवळला. "पहिले आठ दिवस घरातच, तासभर. चामडं पायाचा आकार घेतं, म्हणून आत्ता जरा घट्टच पाहिजे. पावसात घालायची नाही. भिजली तर सावलीत वाळवायची, चुलीजवळ न्यायची नाही. महिन्या-दोन महिन्यांनी गोडेतेलाचा हात."

तेवढ्यात मी सासऱ्यांसाठीही एक जोड सांगितला, नंबर नऊ. त्यांनी मान हलवली, नंबरावर ते चप्पल करत नाहीत. घरच्यांपैकी कोणासाठी आणायची असेल तर निघण्याआधी त्यांना कागदावर उभं करा, दोन्ही पायांची रेघ काढा, अंगठ्याजवळ आणि चवड्याच्या रुंद भागावर खूण करा आणि तो कागद घडी न घालता गुंडाळून न्या. आमचा कागद सासऱ्यांच्या पायांसह गेल्या आठवड्यात कुरियरने गेला आहे.